सडकेची तहान

नव्या सडकेवरून पहिली बंडी गहू घेऊन नागपूरच्या इतवारी बाजाराला निघाली, तेव्हा बंडीखाली टांगलेलं पाण्याचं मडकं पारशिवनी यायच्या आतच कोरडं पडलं. बंडीवाल्याने कुंभाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या बंडीचं मडकंही तसंच. तिसऱ्याने शहाणपणा करून पितळी गुंड नेला. पितळ काही पाझरत नाही. तोही रिकामा निघाला, आणि झाकण जसंच्या तसं घट्ट बसलेलं. तेव्हा कुंभाराने चौकात उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, "आता जा, तांबटाले शिव्या द्या!"

लोक हसले. पण त्या दिवसापासून भर दुपारी एकटा माणूस त्या सडकेवर पाय ठेवीना.

सडक बोरडोहात आणली ती गावच्याच देवरावाने. देवराव नागपुरात वकील, आणि मागची निवडणूक झाल्यापासून कौन्सिलात मेंबर. सडकेच्या कडेला त्याने शाळाही आणली. चार भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि पडवीत मोठ्या पोटाचा रांजण. तो रांजण सकाळी काठोकाठ भरावा आणि मुलांची प्रार्थना संपते न संपते तोच त्याचा तळ दिसावा. रांजण बदलला, तरी तेच. मग नानाजी मास्तर स्वतः राखण बसले. त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी खाली खाली जात राहिलं, जसं कोणी वाकून पीत असावं, घाई न करता. त्यानंतर नानाजी मास्तर रांजणाकडे पाठ करून शिकवू लागले. पाढे मुलांचे चुकत नव्हते, मास्तरांचे चुकत होते.

आधी कोष्ट्यांची पोरं घरी बसली, मग तेल्यांची, मग पाटलांची. नानाजी मास्तर दारोदार फिरले. म्हणाले, "अहो, इन्स्पेक्टर येईल, रिकामे बाक पाहील अन् शाळा उचलून दुसऱ्या गावाले देईल. मंग बसा आंगठे उठवत!" लोकांनी मान हलवली आणि पोरांना ढोरांमागे धाडलं.

देवरावाच्या आईला, रंभाबाईला, हे सगळं जिव्हारी लागत होतं. ही बाई साधीसुधी नव्हती. नवरा गेल्यावर तीन लेकरं आणि सगळी वाहिती शेती तिने एका आवाजावर हाकली होती. स्वतःला अक्षर म्हणावं तर नाव लिहिण्यापुरतं, तेही 'रं' काढून 'भा' गाठेपर्यंत शाई वाळायची. पण ती कोणापुढे वाकली नाही. लोक म्हणत, मेंबराची माय आहे म्हणून ताठा. ज्यांना जुनं माहीत होतं ते म्हणत, मेंबर पाळण्यात होता तेव्हाही हिचा ताठा एवढाच होता.

तिच्या मनात एकच होतं. थोरल्या गणपतरावाची पोरगी चारुशीला, ती शिकावी. घरात एक तरी बाई अशी निघावी जिला कागद वाचायला पुरुषाचं तोंड पाहावं लागणार नाही. चारुशीला हे नाव काकाने नागपुरातून धाडलेलं. रंभाबाई म्हणे, "एवढं लांब नाव, हाक मारून होते तोवर पोट्टी विहिरीवर जाऊन येते." म्हणून ती नुसती चारू. आणि ही चारू शाळेत जाणारी गावातली पहिली पोरगी. आता तर जवळजवळ शेवटचीही तीच, कारण बाकी सगळे घरी बसले तरी आजी तिला बसू देत नव्हती.

पण चारूचे ओठ फुटायला लागले होते.

शाळेतून सडकेने चालत यायची आणि ओसरीवर पडायची. गडवाभर पाणी प्यायची, परत गडवाभर, आणि ओठ कोरडेच. डोळे घागरीवर. बोलायची नाही, नुसती पाहायची. गणपतरावाने सांगून टाकलं, "माय, आखाजी झाली का पोट्टी घरी. शाळा गेली चुलीत. मले माही पोर पाह्यजे."

रंभाबाईने पोरीची हनुवटी उचलून पाहिलं.  असे ओठ आणि असं पाहणं तिने आधी एकदा पाहिलं होतं.

वीस वर्षांमागे मानमोडी आली होती. तापाची अशी साथ, की सकाळी खांदा द्यायला गेलेला माणूस संध्याकाळी स्वतः खांद्यावर. देवराव तेव्हा नागपुरात बोर्डिंगात शिकायला होता. रंभाबाईने त्याला निरोप धाडला, आम्ही मेलो तरी गावात पाय टाकू नको. तो आला नाही आणि वाचला. त्याची पाठची बहीण शामला घरात होती. चारूएवढीच. तापलेल्या अंगाला पाणी द्यायचं नाही, पाणी दिलं की ताप कवटीत चढतो, असं तेव्हा वैद्यही सांगत आणि म्हाताऱ्याही. म्हणून गावातल्या आयांनी पोटच्या पोरांपासून घागरी उचलून उंच फळीवर ठेवल्या. पोरं पाणी पाणी करत गेली. शामलाने शेवटी मागणंही सोडलं. फळीवरच्या घागरीकडे नुसती पाहत राहिली, आणि पाहता पाहताच गेली.

जाळायला लाकडं पुरली नाहीत. पुरुष तापाने आडवे, म्हणून बायकांनीच नाल्यापलीकडे पळसाच्या बनात सगळ्यांना पुरलं. प्रत्येक आईने नाल्यातून एकेक काळा दगड निवडून आणला आणि आपल्या माणसावर ठेवला. त्या दगडांना शेंदूर नाही, कारण ते देव नव्हते. नाव नाही, कारण नाव घेतलं की उठतील. फक्त पाणी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या घरांत पितरांची घागर भरतात, तशी बोरडोहाच्या बायका आणखी एक घागर भरत आणि भर दुपारी बनात जात. आपल्या दगडावर पाणी ओतायचं, बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. एरवी वर्षभर त्या वाटेला जायचं नाही. पुरुषांना तर ती वाटच नव्हती. बायका त्यांच्याजवळ याचा शब्द काढत नसत. काय काढणार? की लेकराला पाणी दिलं नाही?

आखाजी उजाडली. त्याच दिवशी देवराव नागपुराहून यायचा होता, शाळेच्या पटांगणात सभा होती. मेंबरसाहेब गावासाठी काय काय केलं ते सांगणार होते. सभा सकाळची, पण साहेबांची मोटार पारशिवनीला अडली, म्हणून सभा सरकत सरकत दुपारवर आली. रंभाबाई सभेला थांबली नाही. डोक्यावर घागर घेऊन बायकांबरोबर नाल्याकडे निघाली.

ऊन असं, की सावलीही पायाखाली लपलेली. नाला ओलांडला आणि सगळ्या एकदम थांबल्या.

बन नव्हतं. पळस तोडलेले, जमीन खरवडून सपाट केलेली. दगड एकही नाही.

जिजाबाई रंभाबाईच्या वयाची, शेजारीण. तिने इतक्या वर्षांचा नेम मोडला आणि बोलली. "रंभाबाई वं, आपन वाट तं नाही चुकलो?"

"वाट चुकाले आपन काय पाव्हन्या हाओत?" रंभाबाई म्हणाली. आवाज मात्र तिचा तिलाच ओळखू आला नाही.

खरवडलेल्या जमिनीवरून बंड्यांच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. बायका त्या चाकोऱ्यांमागे चालत गेल्या. चाकोऱ्या जाऊन मिळाल्या त्या नव्या सडकेला, शाळेच्या अलीकडे. सडकेच्या कडेचा मुरूम उडून खालची गिट्टी उघडी पडली होती. काळी गिट्टी. रंभाबाई वाकली. शामलाच्या दगडाला मधोमध पांढरी शीर होती, बारीक, भांगाच्या रेघेसारखी. तीच पाहून तिने तो निवडला होता. आता तो फुटलेला, अर्धा रुळाखाली चेचलेला, पण शीर दिसत होती.

तिने घागर तिरपी केली. रूळ फिरवून घट्ट केलेली सडक, ती काय पाणी पिणार! ताटावरून ओघळावं तसं पाणी ओघळलं, कडेच्या नालीपर्यंतही गेलं नाही, वरच्यावर सुकलं. दगड कोरडाच राहिला.

मागे कोणीतरी हंबरडा फोडला.

"गप वं!" रंभाबाई म्हणाली. "रडाले लय टाइम आहे. घागरी उचला. उरलं पानी सांडू नका."

शाळेच्या पटांगणात मांडवाखाली सभा रंगात आली होती. देवराव बोलत होता. अंगात खादीचा कोट, हातात टिपणाचा कागद, पण बोलत होता तोंडपाठ.

"बंधूंनो, मागच्या वर्षी मी आपल्याला तीन गोष्टी कबूल केल्या होत्या. शाळा झाली. मुलींना बसायची सोय झाली. सडक पारशिवनीला जोडली, आता आपला माल थेट इतवारीच्या बाजारात जातो. चावडीजवळच्या विहिरीला काठ बांधला. दवाखान्याचा प्रश्न मी कौन्सिलात विचारला आहे. आणि आनंदाची बातमी म्हणजे, आपल्या गावच्या खोंडाला रामटेकच्या प्रदर्शनात..."

इथे त्याचा घसा बसला. त्याने पाण्याचा पेला उचलला, प्यायला. परत तोंड उघडलं, तर आवाज येईना. दुसरा पेला. तिसरा. पुढे बसलेला कोणी तरी म्हणाला, "मेंबरसायब, खोंडाले काय भेटलं ते सांगा, मंग पानी प्या!" लोक हसले. देवराव हसला नाही. तो रिकाम्या पेल्याकडे पाहत होता. पाणी तोंडात जात होतं, घशापर्यंत पोचत नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका मांडवात शिरल्या आणि हसू आपोआप थांबलं.

"देवा," रंभाबाईने पुढे होऊन विचारलं, "सडकेची गिट्टी कोठून आनली?"

"माय, सभा सुरू आहे."

"मीही सभेतच इचारून राहिली."

देवरावाने खाकरून घसा साफ केला. "खाण लांब होती. खाणीतून आणली असती तर पावसाळ्याआधी सडक झाली नसती. नाल्यापलीकडे बनात काळे दगड होते. ठेकेदार म्हणाला, निवडून ठेवल्यासारखे आहेत. जागा सरकारी, पडीक. मीच म्हटलं, उचला."

"निवडूनच ठेवले होते, बापू," रंभाबाई म्हणाली. "आमी ठेवले होते."

आणि मग तिने सांगितलं. जे कधी पुरुषांसमोर निघालं नव्हतं ते भर सभेत सांगितलं. कोणाचा दगड, कोणाची घागर, कोण किती मागत गेलं. दगड फोडल्यापासून मडकी का सुकतात ते तिने सांगितलं नाही. त्याची गरज उरली नव्हती. गणपतराव खाली मान घालून बसला होता. नानाजी मास्तर हळूच वळून रांजणाकडे पाहू लागले, पहिल्यांदाच.

"मला कोणी सांगितलं कसं नाही?" देवराव पुटपुटला.

"कोन सांगन? तुले तं मीनं गावात येऊच देल्लं नाही."

मग एकच गलका उठला. बायका म्हणाल्या, सडक खोदा. माणसं म्हणाली, शाळा बंद करा, सडकेवर आडवे काटे घाला. देवराव हात वर करून सांगू लागला की सडक आता सरकारी झाली, तिला कुदळ लावता येणार नाही. शाळा बंद पडली तर परत येणार नाही. कोणी ऐकेना. गणपतराव उठला, "माह्या पोरीचं नाव काढून टाका, मास्तर. आत्ताच," म्हणत चारूला शोधू लागला.

चारू मांडवात नव्हती.

ती सडकेवर होती. तापलेल्या सडकेवर अनवाणी उभी, ऐन त्या पांढऱ्या शिरेच्या दगडापाशी. दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाशी धरलेली. वर पाहत नव्हती. रंभाबाईला एवढी दौड या वयात कशी जमली ते तिलाच ठाऊक, पण ती सगळ्यांच्या आधी पोचली.

"पानी," चारू म्हणाली.

रंभाबाईने घागर तिरपी केली. ओंजळीत धार पडली. चारू प्यायला लागली. दम न घेता, घोट मोजण्याच्या पलीकडे. घागर हलकी होत गेली. एवढ्या पाण्याने मोठ्या बैलाचं पोट फुगावं, आणि पोरीचं पोट पाठीला लागलेलं. सडकेवर एक थेंब सांडला नाही.

देवराव धावत आला, त्याने आईचा हात धरला. "माय, पुरे! पोट फुटेल पोरीचं. थांबव."

"एकडाव थांबवलं होतं," रंभाबाई म्हणाली आणि हात सोडवून घेतला.

ओंजळीमागून आवाज आला, हलका, ओळखीचा, वीस वर्षांत न ऐकलेला. "माय, अजून."

चारू तिला आजी म्हणायची.

रंभाबाईने घागर हलू दिली नाही. मान खाली ठेवली. तोंडाकडे पाहिलं नाही. नेम तो नेम. घागर संपली तेव्हा तिने नुसतं मागे हात केला आणि जिजाबाई आपली घागर घेऊन पुढे आली. जिजाबाईचा मेला तो लेक लग्नाच्या वयाचा होता. ती नंतर शपथेवर सांगायची की तिच्या धारेखाली ती ओंजळ रुंद झाली होती आणि मनगटावर केस होते. मग तिसरी बाई आली, मग चौथी. कोणी बोललं नाही. पुरुष मांडवाच्या कडेला ओळीने उभे होते. काहींनी टोप्या काढल्या होत्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शेवटची घागर पालथी झाली. चारूने मनगटाने तोंड पुसलं, डोळे मिचकावले आणि एकदम उड्या मारायला लागली.

"आजी! पाय भाजून राहिले वं! अन् मले पानी दे ना. केवढी तहान लागली, केव्हाची!"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकाही घागरीत थेंब नव्हता. देवराव शाळेकडे पळाला. पडवीतला रांजण सकाळी भरला होता तेवढाच, काठोकाठ, भरलेला होता. त्याने गडवा बुडवला, पोरीला आणून दिला. ती अर्धा प्यायली, अर्धा तिने पायांवर ओतला. "बस झालं," म्हणाली. देवराव परत रांजणाशी गेला, दुसरा गडवा स्वतः प्यायला, तो घशाखाली उतरला. मग मेंबरसाहेब तिथेच पडवीच्या पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. खोंडाला काय बक्षीस मिळालं ते त्या दिवशी राहूनच गेलं.

सडक खोदली नाही. शाळाही गेली नाही. इन्स्पेक्टर आला तेव्हा बाक भरलेले होते, आणि पुढच्या बाकावर चारूच्या जोडीला जिजाबाईची नात. बंड्यांची मडकी इतवारीपर्यंत भरलेली जाऊ लागली. त्या दगडापाशी, सडकेच्या कडेला, रंभाबाईने पळसाच्या पानांचा मांडव घालून पाणपोई बसवली. दर आखाजीला देवराव येतो, आधी अनवाणी उभा राहून तिथे पाणी वाढतो, आणि मगच शाळा, सडक, दवाखान्याचं काय झालं ते सांगतो. विरोधक हसतात. हसोत. पाणी प्यायला तेही थांबतात.

उन्हाळाभर दुपारची पाणपोईवर रंभाबाई स्वतः बसते. वाटसरू किती आले आणि पाणी किती गेलं, याचा मेळ कधी बसत नाही, आणि ती बसवतही नाही. ओंजळ पुढे आली की धार धरते. वर पाहत नाही.

चारू शाळा सुटली की तिच्याजवळ येऊन बसते आणि काकाने धाडलेलं वर्तमानपत्र वाचून दाखवते. आता ती अडखळत नाही. एकदा वाचता वाचता तिने मान वर केली. सडक दोन्हीकडे रिकामी होती, पाचोळाही हलत नव्हता, आणि आजी गडव्याने पाणी वाढत होती. धार खाली येत होती आणि मध्येच कुठेतरी संपत होती.

"आजी," चारूने विचारलं, "कोनी नाही तं तू पानी कोनाले देऊन राहिली?"

"तू वाच," रंभाबाई म्हणाली.

चारूने पान उलटलं.

"अन् मोठ्यानं वाच जरा. मांगं बसलेल्यांले ऐकू नाही येऊन राहिलं."